बॉयकट विरुद्ध शिफॉन: प्रेमपटांतल्या दोन मुलींचे गणित

'कुछ कुछ होता है' हा चित्रपट ऑक्टोबर 1998 मध्ये प्रदर्शित झाला. 2023 मध्ये त्याच्या पंचविशीनिमित्त खास खेळ झाले, तेव्हा एक जुना वाद पुन्हा उफाळून आला. बास्केटबॉल खेळणारी, केस आखूड ठेवणारी अंजली कॉलेजात असताना राहुलला कधी 'दिसलीच' नाही, आणि आठ वर्षांनी ती लांब केस व साडीत समोर आली तेव्हा मात्र त्याच्या हृदयात काहीतरी हलले, हे बरोबर आहे का? एका बाजूचे लोक म्हणतात की हा सरळसरळ मुलींचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की लहानपणी ज्या चित्रपटाने रडवले, त्याच्या मागे आता हात धुऊन कशाला लागता? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण चित्रपट हे नेमके कसे घडवतो याकडे फारसे कोणी पाहत नाही. या लेखात तेच पाहायचे आहे.

आधी मांडणी समजून घेऊ

नायक एक आणि मुली दोन, ही प्रेमपटाची जुनी बैठक आहे. त्यातला एक प्रकार असा, की एक मुलगी नायकाची जिवलग मैत्रीण असते. ती त्याच्याबरोबर खेळते, भांडते, त्याच्या पाठीत धपाटा घालते, मुलांसारखे कपडे घालते. अशा मुलीला इंग्रजीत आणि आता आपल्याकडेही 'टॉमबॉय' म्हणतात. दुसरी मुलगी नंतर येते. ती नाजूक असते, नटलेली असते, तिच्या प्रवेशाला वारा सुटतो आणि सगळे कॉलेज तिच्याकडे वळून पाहते. नायक दुसरीच्या प्रेमात पडतो आणि ते सांगायला पहिलीकडेच येतो.

खरे तर प्रश्न इथेच उभा राहायला हवा. पहिली मुलगी त्याला ओळखते, हसवते, त्याचे दोष माहीत असूनही त्याच्याबरोबर राहते. प्रेमासाठी लागणारी जवळजवळ सगळी सामग्री हाताशी असताना तो दुसरीकडे का वळतो? कथानकाला याचे काहीतरी उत्तर द्यावेच लागते, आणि सगळ्यात स्वस्त उत्तर कपड्यांच्या कपाटात सापडते. ती 'मुलीसारखी दिसत नाही' म्हणून त्याला ती मुलगी वाटली नाही, एवढे म्हटले की पुढचे दोन तास मोकळे होतात. टॉमबॉयचे आखूड केस हा तिचा स्वभाव कमी आणि पटकथेची सोय जास्त असते.

'कुछ कुछ होता है'मध्ये तर हा विरोधाभास नायकाच्याच तोंडून येतो. वर्गात प्रेम म्हणजे काय असे विचारल्यावर राहुल सांगतो की प्रेम म्हणजे मैत्री, आणि जी आपली सर्वांत चांगली मैत्रीण होऊ शकत नाही तिच्यावर आपण प्रेम करूच शकत नाही. त्याची सर्वांत चांगली मैत्रीण त्या वेळी त्याच वर्गात बसलेली आहे. त्याच्या स्वतःच्या व्याख्येनुसार चित्रपट तिथेच संपायला हवा होता.

कॅमेरा कोणाच्या खुर्चीत बसतो?

हे कसे घडते हे समजायला एक संकल्पना उपयोगी पडते. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी 1975 मध्ये एका निबंधात 'पुरुषी नजर' ही कल्पना मांडली. थोडक्यात सांगायचे तर, मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात कॅमेरा बहुधा पुरुषाच्या जागी उभा असतो. पुरुष गोष्ट पुढे नेतो आणि स्त्री पाहिली जाते. ती पडद्यावर आली की गोष्ट क्षणभर थांबते आणि आपण सगळे, स्त्री प्रेक्षकसुद्धा, त्या पुरुषाच्या डोळ्यांनी तिला पाहू लागतो.

टॉमबॉय मुलगी या व्यवस्थेत बसत नाही, कारण ती सतत काहीतरी करत असते. ती चेंडू घेऊन पळत असते तेव्हा आपले लक्ष चेंडूकडे आणि तिच्या चपळाईकडे असते. तिची प्रतिस्पर्धी मात्र पायऱ्या उतरते, केस मागे सारते, हसते, आणि आपण ती कशी दिसते ते पाहत राहतो. नायक कोणाच्या प्रेमात पडणार हे संवाद सुरू होण्याआधीच छायाचित्रणाने ठरवून टाकलेले असते.

आठ वर्षांनंतरचा, शिमल्याच्या शिबिरातला प्रसंग आठवून पाहावा. तिथे राहुल आणि अंजली पुन्हा बास्केटबॉल खेळतात, पण आता ती साडीत आहे आणि पदर सावरत खेळते. खेळ तोच, माणसे तीच, पण पूर्वी आपण तिचा खेळ पाहत होतो आणि आता तिला पाहतो आहोत. पुढे पाऊस येतो, दोघे बागेतल्या छत्रीवजा मंडपाखाली जातात आणि संगीताशिवाय नाचतात. पाऊस, ओली साडी, अवघडलेले श्वास हा हिंदी प्रेमपटाचा सगळा पारंपरिक सरंजाम अंजलीच्या वाट्याला पहिल्यांदा येतो तो या टप्प्यावर. ती बॉयकटमध्ये असताना पाऊस पडला असता, तर बहुधा विनोदी प्रसंग झाला असता.

टीना जिंकली ती नेमकी कशामुळे?

अंजली हरते कारण ती पुरेशी 'बायकी' नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या समाजाबद्दल जास्त बोलते.

टीना म्हणजे राहुल कॉलेजात जिच्या प्रेमात पडतो ती दुसरी मुलगी. ती लंडनहून आलेली आहे आणि आखूड स्कर्ट घालते. कपड्यांच्या हिशेबाने तीसुद्धा परंपरेत बसत नाही. कॉलेजात तिची फिरकी घ्यायची म्हणून तिला हिंदी गाणे म्हणायला सांगितले जाते. विलायतेत वाढलेली मुलगी अडखळेल ही अपेक्षा असते. ती 'ओम जय जगदीश हरे' ही आरती म्हणते. सगळे गप्प होतात, काहींचे हात जोडले जातात, आणि राहुलच्या चेहऱ्यावरचा थट्टेचा भाव जातो. लंडनमध्ये राहिले म्हणून संस्कार विसरले नाही, हे ती वर ऐकवतेही.

या एका प्रसंगात निकाल लागतो. टीना सुंदर आहे, आधुनिक आहे आणि देवघरात उभी केली तरी शोभेल अशी आहे. अंजली यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. हा सगळा प्रकार आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा आहे: मुलगा सोफ्यावर बसलेला असतो, मुलीचे चालणे, बोलणे, गाणे, केसांची लांबी यांची नोंद होत असते, आणि उठून जरा चालून दाखव असे मुलाला कोणी म्हणत नाही.

म्हणूनच हॉलिवूडच्या टॉमबॉयला आणि आपल्या टॉमबॉयला एकाच मापाने मोजता येत नाही. तिकडची मुलगी बहुतेकदा 'आकर्षक नाही' म्हणून मागे पडते. आपल्याकडची मुलगी आकर्षक नाही म्हणून आणि 'घरात शोभणार नाही' म्हणूनही मागे पडते. तिला दोन परीक्षा द्याव्या लागतात, आणि अंजलीची आठ वर्षांनंतरची साडी या दोन्ही परीक्षांचे एकच उत्तर आहे.

ती नटली तेव्हा सगळे का हसले?

या चित्रपटातला मला सर्वांत निष्ठुर वाटणारा प्रसंग मात्र वेगळा आहे. राहुलचे लक्ष टीनाकडे आहे हे कळल्यावर अंजली एके दिवशी मुलींसारखे कपडे घालून, तोंडाला रंगरंगोटी करून कॉलेजात येते. सगळे खो खो हसतात. राहुलही हसतो.

चित्रपटांत नायिकेचे रूप पालटण्याच्या प्रकाराला 'मेकओव्हर' म्हणतात. चष्मा काढला, केस मोकळे सोडले आणि कुरूप ठरवलेली मुलगी एकदम सुंदर झाली, हा त्याचा ठरलेला क्रम. 1999 च्या 'शीज ऑल दॅट'मध्ये चित्रकार मुलीच्या बाबतीत हेच होते. आपल्याकडे 'मैं हूं ना'मध्ये (2004) ढगळ कपड्यांतल्या संजूला रसायनशास्त्राच्या शिक्षिका नटवतात आणि इतके दिवस तिला मित्र समजणारा लकी एकाएकी टक लावून पाहू लागतो.

अंजलीच्या फसलेल्या प्रयत्नात या क्रमाचा एक न बोललेला नियम उघडा पडतो. मुलगी नटलेली असावी, पण नटण्याचे कष्ट दिसता कामा नयेत. ते जन्मजात असल्यासारखे वाटले पाहिजे. लिपस्टिक कशी लावायची हे शिकताना चुकणारी मुलगी हास्यास्पद ठरते आणि न शिकणारी मुलगी अदृश्य. आठ वर्षांनी अंजली साडीत सहज वावरते, तेव्हा ती हे सगळे केव्हा, कशी आणि का शिकली याबद्दल चित्रपट अवाक्षर काढत नाही. शिकवणी दाखवली तर जादू संपते.

'पण माणसे वयानुसार बदलतातच की!'

हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. कॉलेजात जीन्स घालणाऱ्या कितीतरी मुली तिशीत हौसेने साड्या नेसतात, त्यात कोणावर जबरदस्ती नसते. अंजलीने केस वाढवले तर बिघडले कुठे?

बिघडले काहीच नाही, जर त्या बदलाला बक्षीस जोडलेले नसते. राहुलही आठ वर्षांत बदलतो. गळ्यात 'कूल' लिहिलेली साखळी मिरवणारा मुलगा आता कोटात वावरणारा बाप झाला आहे. पण ती साखळी होती म्हणून तो कॉलेजात प्रेमाला नालायक ठरला होता, असे कोणी सुचवत नाही. त्याचा बदल म्हणजे वाढ; तिचा बदल म्हणजे दुरुस्ती.

पुरुषांचेही मेकओव्हर होतात, आणि फरक तिथे फार स्पष्ट दिसतो. बासू चटर्जींच्या 'छोटी सी बात'मध्ये (1976) मुंबईतला बुजरा कारकून अरुण स्कूटरवाल्या नागेशपुढे सारखा मार खातो. मग तो खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे जातो आणि तिथे आत्मविश्वास, डावपेच, प्रतिस्पर्ध्याला खिंडीत गाठण्याच्या युक्त्या शिकून येतो. त्याचे शिक्षण आपल्याला सविस्तर, मजेत दाखवले जाते. त्याला काहीतरी *येऊ* लागते. टॉमबॉय नायिका मेकओव्हरनंतर वेगळी *दिसू* लागते, आणि बऱ्याचदा जे येत होते ते बाजूला ठेवते. 'रब ने बना दी जोडी'मध्ये (2008) तर नायक झकपक रूप घेऊन बायकोला भुलवतो, आणि शेवटी ती त्याच्या मूळच्या साध्यासुध्या, तेल लावून भांग पाडलेल्या रूपालाच निवडते. पुरुषाला त्याचे मूळ रूप परत मिळते. अंजलीला तिचा बॉयकट परत मिळत नाही.

'टॉमबॉय जिंकते असेही चित्रपट आहेत'

आहेत, आणि ते पाहण्यासारखे आहेत. 'जो जीता वही सिकंदर'मध्ये (1992) वडिलांच्या गॅरेजात वावरणारी अंजली आणि श्रीमंती थाटातली देविका अशी जोडी आहे. (गॅरेजातल्या या मैत्रिणीचे नावही अंजलीच असावे हा योगायोग गमतीचा आहे.) संजू आपल्या सांगण्याइतका बडा नाही हे कळताच देविका त्याला सोडते, आणि गॅरेजातली मुलगी शेवटपर्यंत बरोबर राहते. पण इथे किंमत दुसरी मुलगी मोजते. टॉमबॉय खरी ठरावी म्हणून नटणारी मुलगी पोकळ आणि स्वार्थी दाखवावी लागते. तराजू तोच राहिला, फक्त पारडे उलटले. शिवाय अंजलीने जिंकण्यासाठी काय केले ते पाहिले तर वाट पाहणे, मदत करणे आणि तक्रार न करणे हेच हाती लागते, आणि हे गुण कोणत्याही पारंपरिक नायिकेला शोभतील.

जॉन ह्यूज यांनी लिहिलेला अमेरिकी चित्रपट 'सम काइंड ऑफ वंडरफुल' (1987) याहून बराच समजूतदार आहे. त्यात कीथ हा चित्रे काढणारा मुलगा कॉलेजच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे मोडून सुंदर अमांडासाठी हिऱ्यांची कर्णफुले घेतो, आणि त्या दोघांच्या भेटीच्या रात्री गाडी चालवायला त्याची मैत्रीण वॉट्स बसते, जी ड्रम वाजवते आणि त्याच्यावर मनोमन प्रेम करते. शेवटी अमांडा कर्णफुले परत देते. कोणाच्या तरी आधाराने मिरवण्यापेक्षा एकटे राहून पाहावे, असे तिला वाटते. सुंदर मुलीला खलनायिका न करता बाजूला होऊ देणे ही या चित्रपटाची मोठी गोष्ट आहे. तरीही शेवटचे दृश्य विसरता येत नाही: तीच हिऱ्यांची कर्णफुले वॉट्सला मिळतात. ड्रम वाजवणारी मुलगी बदलली नाही खरी, पण बक्षीस म्हणून तिच्या हाती पडला तो दागिना.

चित्रपटांच्याही आधी, 1868-69 साली आलेल्या लुइसा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन' या कादंबरीत हेच दोन प्रकार दोन बहिणींच्या रूपात आहेत. त्यातली 'जो' नावाची बहीण दांडगी, आईच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचे केस विकणारी. एमी नीटनेटकी आणि सौंदर्याची ओढ असलेली. शेजारचा लॉरी शेवटी एमीशी लग्न करतो. पण त्याआधी त्याने जोला मागणी घातलेली असते आणि नकार *तिने* दिलेला असतो. या एका फरकाने सगळे गणित बदलते. जो हरलेली नाही, कारण ती शर्यतीत उभीच नव्हती. 1933 पासून 2019 पर्यंत या कादंबरीवर पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले, त्यामागे जोचा तो नकार हे एक कारण असावे असे मला वाटते.

मग नटणे वाईट का?

इथे उलट्या बाजूचा धोका आहे. टॉमबॉयची बाजू घेण्याच्या नादात बांगड्या, नेलपॉलिश, लांब केस यांनाच कमीपणा देण्याकडे कल होतो. 'दंगल' (2016) हा प्रेमपट नव्हे, पण हा हिशेब त्यात लख्ख दिसतो. हरियाणातल्या दोन बहिणींचे केस वडील कापायला लावतात आणि त्या मैदान मारतात. पुढे त्यांतली गीता राष्ट्रीय अकादमीत जाते, केस वाढवते, नखे रंगवते आणि हरू लागते. केस पुन्हा कापले जातात तेव्हा ती सावरते. राहुलच्या जगात लांब केसांनी प्रेम मिळते, गीताच्या जगात लांब केसांनी कुस्ती जाते. दोन्हीकडे मुलीची लायकी केसांतच शोधली आहे.

या मांडणीत नाजूक मुलीचेही काही फारसे बरे चालत नाही, हे टीनाकडे पाहिले तर कळते. ती जिंकते, लग्न करते, मुलीला जन्म देते आणि मरते. पत्रे लिहून ठेवते ती नवऱ्याचे आणि मैत्रिणीचे पुन्हा जुळावे म्हणून. तिला स्वतःला काय हवे होते, ऑक्सफर्डमध्ये शिकून तिला काय करायचे होते, याचा चित्रपटात पत्ता नाही.

मराठी पडदा याबाबत कुठे आहे?

मराठीत हा मैत्रीण-विरुद्ध-सुंदरी त्रिकोण फारसा रुजला नाही. आपल्याकडे जुनी जोडी होती ती फडावरची नर्तिका आणि घरातली पतिव्रता यांची. पण पुढाकार घेणारी मुलगी मराठीला नवी नाही. 1938 च्या 'ब्रह्मचारी'त आचार्य अत्रे आणि मास्टर विनायक यांनी मीनाक्षी शिरोडकर यांना पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणायला लावले आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या नायकाची फजिती केली. त्यात पाठलाग मुलगीच करते आणि जिंकतेही. त्याच्या तीन वर्षे आधी मुंबईत वाडियांच्या हिंदी 'हंटरवाली'त नादिया चाबूक घेऊन घोड्यावर बसली होती, आणि तिला प्रेक्षकांच्या पसंतीसाठी साडी नेसून नाजूक व्हावे लागले नव्हते. काळ पुढे गेला म्हणजे नायिका आपोआप मोकळी होते, असे काही इतिहास सांगत नाही.

'सैराट'मधली (2016) आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, परश्याकडे उघडपणे टक लावून पाहते. बुजणे, लाजणे, लपून पाहणे हे परश्याच्या वाट्याला आले आहे. तिला कोणी प्रतिस्पर्धी नाही, आणि प्रेमासाठी तिला वेगळे दिसावे लागत नाही. नागराज मंजुळे यांनी तिचे केस मात्र लांबच ठेवले, पण ते तिच्या गावातल्या कोणत्याही मुलीचे असतात तसे आहेत. त्यांच्याकडे पटकथेने काही काम सोपवलेले नाही.

'शेवटी करमणूकच ना?'

करमणूकच, आणि म्हणूनच ती खोल उतरते. प्रवचन ऐकताना आपण सावध असतो, गाणे ऐकताना नसतो. आखूड केसांच्या मुलीला 'आता जरा मुलीसारखी राहा' हे घरातल्या आत्या-मावश्या सांगतातच. चित्रपटाने त्या सल्ल्याला शाहरुख खान जोडून दिला. प्रत्येक मुलीवर याचा परिणाम होतो असे मुळीच नाही. कित्येक जणींनी अंजलीचा कॉलेजातला अर्धा भाग तेवढा मनात ठेवला आणि उत्तरार्ध सोडून दिला, त्यांच्यासाठी तो चित्रपट मध्यंतरालाच संपला. ज्या मुलींना मुले आवडतच नाहीत, त्यांच्यापुढे तर हा पडदा आणखी अडचणीचा होता, कारण आखूड केसांची मुलगी म्हणजे योग्य पुरुष अजून न भेटलेली मुलगी, एवढाच अर्थ त्यात शिल्लक राहत असे.

'कुछ कुछ होता है'चे दिग्दर्शक करण जोहर यांनी स्वतः पुढे जाहीरपणे मान्य केले आहे की या चित्रपटातली स्त्री-पुरुषांची मांडणी चुकली होती. केस आखूड असताना मुलगी आकर्षक नाही आणि वाढवल्यावर सुंदर, हे काय दाखवले, असे शबाना आझमी यांनी आपल्याला खडसावून विचारले होते, हेही त्यांनीच सांगितले आहे. 2023 च्या 'रॉकी और रानी की प्रेम कहानी'मध्ये त्यांनी नायकाला त्याच्या कथक करणाऱ्या होणाऱ्या सासऱ्यासोबत भर समारंभात 'डोला रे डोला'वर नाचवले, म्हणजे 'बायकी' ठरवलेली गोष्ट शिकण्याची पाळी या वेळी दणकट पुरुषावर आली. त्याची नायिका रानी ही वृत्तवाहिनीवरची पत्रकार आहे, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता बोलते आणि एकाहून एक शिफॉनच्या साड्या नेसते. आखूड केस, ट्रॅकपँट आणि शेवटच्या प्रसंगातला नायक या तीन गोष्टी त्यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रेमकथांत अजून एका मुलीच्या वाट्याला एकदम आलेल्या नाहीत.